काट्यावरची रात्रपाळी आणि ४०४

ताई, नमस्कार. माझं वय ३२. सांगली जिल्ह्यात एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर संगणक ऑपरेटर आहे. गणित घेऊन बी.एस्सी. केली, तेव्हापासून काट्यावरच. गेल्या जुलैत इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या एमसीएला प्रवेश घेतला. सी आणि पायथन थोडं येतं. आता दुसऱ्या सत्रात वेब टेक्नॉलॉजीज आहे आणि त्यात सगळी जावा. हंगाम चालू असल्याने पाळ्या फिरत्या. घरी आल्यावर दीड तास मिळतो, त्यातही डोळे मिटतात. सर्व्हलेटचं (सर्व्हरवर चालणाऱ्या जावा प्रोग्रामचं) पहिलंच उदाहरण तीन आठवडे झाले चालत नाही, प्रत्येक वेळी ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. मित्र म्हणतो, जावा म्हातारी झाली, पायथनच धर. पुण्यातला एक क्लास ४५ हजार मागतोय आणि नोकरीची हमी देतोय. बायको काही बोलत नाही, पण लॅपटॉप उघडला की तिचा चेहरा दिसतो. जूनला परीक्षा द्यावी, डिसेंबरवर ढकलावी, की सोडूनच द्यावं?
– एक काटेवाला

प्रिय काटेवाले,

तुमच्या प्रश्नांपैकी एकाचं उत्तर दहा मिनिटांचं आहे. तेच आधी उरकू, म्हणजे तुम्हाला झोप लागेल.

टॉमकॅट, म्हणजे तुमचे सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर, त्याच्या फोल्डरचं नाव बघा. त्यात १० किंवा ११ हा आकडा आहे ना? आता तुमच्या प्रोग्रामच्या वरच्या ओळी बघा. तिथे 'जावाएक्स डॉट सर्व्हलेट' असं लिहिलेलं असणार. भांडण तिथेच आहे. २०१७ मध्ये ओरॅकलने जावाचा हा सर्व्हरवाला भाग, म्हणजे जावा ईई, एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवला, पण 'जावा' या नावावरचा हक्क स्वतःकडेच ठेवला. म्हणून २०१८ मध्ये त्याचं बारसं झालं 'जकार्ता ईई', आणि २०२० मध्ये आतल्या पॅकेजांची नावंही 'जावाएक्स'ची 'जकार्ता' झाली. टॉमकॅट ९ला जुनं नाव कळतं. १०पासून पुढे फक्त नवं. फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव बदललंय आणि तुम्ही आजोबांच्या नावाने उतारा मागताय, तलाठी म्हणतो असा खातेदारच नाही. तुमच्या क्लासच्या डोक्यावरची 'ॲट वेबसर्व्हलेट' ही खूण जुन्या नावाची असल्यामुळे टॉमकॅट १० तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, चूकही दाखवत नाही. त्याच्या लेखी त्या पत्त्यावर कोणी राहतच नाही. म्हणून ४०४.

टॉमकॅट ९ उतरवून घ्या, पुस्तकातलं उदाहरण आहे तसं चालेल. किंवा १०च ठेवा आणि सर्व्हलेटच्या ओळींत नाव बदला. मात्र 'सगळीकडे बदला' हे बटण दाबू नका. 'जावाएक्स डॉट एसक्यूएल' मूळ जावातच राहिलंय, त्याचं नाव बदललेलं नाही. तेही जकार्ता करून बसलात तर पुढचे तीन आठवडे डेटाबेसशी भांडण्यात जातील. एवढं करूनही ४०४ आलाच, तर पत्त्यात ॲप्लिकेशनचं नाव घातलंय का आणि लहान-मोठी लिपी जुळते का, ते बघा.

हे इतकं लांबवून सांगायचं कारण वेगळं आहे. तीन आठवडे गेले ते तुमचं डोकं कमी पडलं म्हणून गेले नाहीत. कॉलेजात असता तर शेजारच्या बाकावरचा पोरगा पडद्याकडे न बघताच म्हणाला असता, "नऊ टाक रे." दूरशिक्षणात पुस्तकं मिळतात, व्हिडिओ मिळतात, तो शेजारचा बाक तेवढा मिळत नाही. वेळ कमी आहे असं तुम्ही लिहिलंय. मला ती दुय्यम अडचण वाटते. दीड तासात पुष्कळ होतं, पण अडकल्यावर सोडवणारं कोणी नसेल तर दहा तासही वाया जातात.

मीही नोकरी सांभाळून पत्रद्वारेच शिकले. जावाचा पहिला महिना मी 'हॅलो' छापू शकले नाही. प्रोग्राम कंपाइल व्हायचा, चालवायला गेलं की क्लास सापडत नाही. आमच्या अभ्यासकेंद्राच्या लॅबमध्ये जेवढे संगणक होते त्यातले निम्मे बंद, आणि मार्गदर्शक म्हणून येणारे गृहस्थ घड्याळ बघून फळ्यावर व्याख्या लिहायचे. तिथे दुसऱ्या बॅचच्या एका मुलीने माझ्या पडद्यावर नजर टाकली आणि म्हणाली, "अगं, क्लासपाथमध्ये डॉट टाक." एक टिंब! क्लासपाथ, म्हणजे क्लास कुठे शोधायचे त्या फोल्डरांची यादी, स्वतः लिहून दिला की जावा चालू फोल्डरमध्ये आपणहून बघत नाही, त्यासाठी ते टिंब लागतं. महिना आणि एक टिंब, हा हिशेब मी अजून विसरलेले नाही.

तेव्हा शेजारी शोधा. तुमच्या कारखान्यात ईडीपी, म्हणजे संगणक विभाग असेलच. काट्याचं सॉफ्टवेअर बंद पडलं की जो माणूस धावत येतो, त्याला चहाला न्या. त्याला सर्व्हलेट येत नसेलही, पण चूक कशी वाचायची हे येत असतं, आणि अर्धं काम तेच आहे. दुसरा शेजारी लॅबच्या सत्रात भेटेल. स्वतःला एक नियम घालून घ्या: एकाच चुकीवर सलग दोन रात्री बसायचं नाही. दुसऱ्या रात्री ती चूक अक्षर न् अक्षर वहीत उतरवायची आणि कोणाला तरी दाखवायची.

आता जून की डिसेंबर. हे तुम्ही मला विचारावं याचंच नवल वाटलं, कारण काट्यावरच्या माणसाला डिसेंबर म्हणजे काय ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. रात्री दोनला ट्रॅक्टरची रांग फाट्यापर्यंत, आणि तुम्ही सकाळी दहाच्या पेपरला जाणार? जे विषय डिसेंबरवर टाकाल ते ऊस गाळपाला ओढणाऱ्या गव्हाणीत टाकल्यासारखेच. जूनलाच बसा. मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की दोन महिने मोकळे, आणि हा विषय त्या दोन महिन्यांतच होण्यासारखा आहे. चारही थिअरी झेपत नसतील तर वेब टेक्नॉलॉजीज आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड ॲनालिसिस ही जोडी जूनला धरा, कारण दोन्हीची प्रात्यक्षिकं एमसीएसएल-२२२ या एकाच लॅब-विषयात येतात. डेटा कम्युनिकेशन आणि डेटा मायनिंग हे विषय बरेचसे वाचून होणारे. नाइलाजाने एखादा ढकलावाच लागला तर त्यातला ढकला. एमसीए पूर्ण करायला चार वर्षांपर्यंत मुदत असते, तेव्हा एका सत्रात सगळं बसलं नाही म्हणून आकाश कोसळत नाही.

हंगाम संपेपर्यंत मात्र दोन गोष्टींकडे डोळेझाक करू नका. एक, लॅबला ७० टक्के हजेरी लागते. केंद्रावर फोन करून तारखा आजच मागून घ्या. पाळी बदलून घ्यायला तुमचा सुपरवायझर आदल्या दिवशी राजी होणार नाही. दुसरं, असाइनमेंट. ती स्वतःच्या अक्षरात लिहायची असते. बाजारात आणि मोबाईलवर 'सोडवलेल्या' असाइनमेंट विकत मिळतात, आणि थकलेल्या माणसाला त्या फार गोड वाटतात. पण शंभरातले २० गुण तोंडीला असतात. तुमच्याच कागदावर बोट ठेवून "हे काय लिहिलंय" असं कोणी विचारलं की काय सांगणार? गव्हाण बंद पडून गाड्या थांबल्या की तेवढ्या वेळात एकेक प्रश्न लिहून काढा. हंगामात कोड लिहायचा हट्ट धरू नका. झोपेत लिहिलेला कोड जागेपणी दुरुस्त करायला दुप्पट वेळ जातो.

आणखी एक गोची आहे, ती कोणी आधी सांगत नाही. एमसीएस-२२०, म्हणजे वेब टेक्नॉलॉजीज हा विषय तुम्हाला जावा येते असं धरूनच सुरू होतो, आणि तुम्हाला तर सी आणि पायथन येतं. म्हणून आधी मूळ जावा थोडी करून घ्या. बीसीएच्या एमसीएस-०२४ या विषयाची पुस्तकं इग्नूच्या ई-ज्ञानकोशावर फुकट आहेत. त्यातलं क्लास, इंटरफेस, एक्सेप्शन, स्ट्रिंग आणि नेटवर्किंग एवढं वाचा. ॲपलेट लागलं की पान उलटा. ब्राउझरमध्ये चालणारी ती छोटी जावा कधीच वारली; क्रोमने २०१५ मध्येच तिला दार बंद केलं. ती चालवून बघण्यात एक संध्याकाळही घालवू नका.

आता मुख्य गोष्ट. पट्टा पडल्यावर पहिल्या रविवारी सर्व्हलेट, टॉमकॅट, कोड लिहायचं एक्लिप्स सगळं बाजूला ठेवा आणि नोटपॅडमध्ये एक फाईल लिहा. वीसेक ओळींचं काम आहे. सर्व्हरसॉकेट, म्हणजे जोडणीची वाट बघणारी खिडकी, उघडायचं; पोर्ट, म्हणजे त्या खिडकीचा नंबर, ८०८०. टॉमकॅट चालू असेल तर आधी बंद करा, एका पोर्टवर दोघांना बसता येत नाही. मग 'ॲक्सेप्ट' ही मेथड. तिथे प्रोग्राम थांबतो, अगदी तुमच्यासारखा, खिडकीत बसून गाडीची वाट बघत. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, दोन टिंबं, ८०८० टाइप केलं की गाडी आली. आलेल्या ओळी एकेक वाचून पडद्यावर छापा. पहिल्या ओळीत 'गेट', मग एक तिरकी रेघ, मग एचटीटीपी १.१. खाली होस्ट, यूजर-एजंट, ॲक्सेप्ट-लँग्वेज अशा ओळी. शेवटी एक रिकामी ओळ. ती रिकामी ओळ म्हणजे ड्रायव्हरने कागद खिडकीतून आत सरकवून हात मागे घेतला.

तिथे वाचणं थांबवायचं आणि उत्तर द्यायचं. थांबला नाहीत तर गंमत होते: तुमचा प्रोग्राम ब्राउझरच्या पुढच्या ओळीची वाट बघतो, ब्राउझर तुमच्या उत्तराची, आणि दोघं 'पहले आप' करत बसतात. उत्तरातही तोच रिवाज. पहिली ओळ 'एचटीटीपी १.१ २०० ओके', मग मजकूर कोणत्या प्रकारचा ते सांगणारी ओळ, मग रिकामी ओळ, मग पान, आणि शेवटी जोडणी बंद. ती रिकामी ओळ विसरलात तर ब्राउझर तुमचं पानही हेडरच समजून वाचत राहतो आणि पडद्यावर काही उमटत नाही.

एवढं एकदा हाताने केलं की सर्व्हलेटच्या धड्यातली निम्मी नावं आपोआप ओळखीची होतात. रिक्वेस्ट म्हणजे खिडकीतून आलेला तो कागद, रिस्पॉन्स म्हणजे तुम्ही परत दिलेला. 'गेटपॅरामीटर' म्हणजे कागदावरचा एक रकाना. पुढे स्प्रिंग हा जावाचा तयार सांगाडा येईल, त्याचा केवढा दबदबा! पण त्याच्या पुढच्या दारात उभा असलेला डिस्पॅचरसर्व्हलेट हाही शेवटी एक सर्व्हलेटच.

सेशनचा धडा तर तुम्हाला कोणी शिकवायला नको. भरलेली गाडी काट्यावर चढते, तुम्ही वजन घेता, ती आत जाते. ऊस उतरवून तासाभराने रिकामी परत येते. मधल्या वेळात पन्नास गाड्या होऊन गेलेल्या असतात, पण पहिलं वजन आणि दुसरं वजन जुळतं, कारण पावतीवर नंबर आहे. एचटीटीपीला स्वतःची आठवण नसते, प्रत्येक मागणी त्याला नवी. टॉमकॅट 'जेसेशनआयडी' नावाची एक कुकी ब्राउझरच्या हातात देतो, ब्राउझर दर खेपेला ती दाखवतो. तो तुमचा पावती नंबर. ड्रायव्हरने पावती हरवली की जो गोंधळ होतो, तोच कुकी बंद केल्यावर होतो.

म्हणून सरावासाठी पुस्तकातलं 'स्टुडंट मॅनेजमेंट' करू नका, काटाच करा. गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ टन. दोन पानं आणि एक टेबल. डेटाबेस जड वाटला तर एचटू वापरा, एका जार फाईलमध्ये मावतो. प्रश्न पाठवताना नेहमी प्रिपेअर्डस्टेटमेंट, कारण नावाच्या रकान्यात कोणी अवतरणचिन्ह टाकलं तर साध्या जोडलेल्या वाक्याने टेबलाचं वाटोळं होऊ शकतं. आणि हे नीट ऐका: खरे शेतकरी, खरं टनेज पेनड्राइव्हवर घरी आणायचं नाही. नोकरी जाईल. नावं मनाने घाला.

ती नावं मराठीत घाला, मुद्दाम. कारण तिथेच बहुतेकांची दांडी उडते आणि इंग्रजी व्हिडिओवाले त्याबद्दल बोलत नाहीत. फॉर्ममध्ये 'ज्ञानेश्वर' लिहून पाठवलंत आणि डेटाबेसमध्ये प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर समजायचं की मजकूर वाटेतच मेला. ज्या अक्षरसंचात देवनागरी नाही त्यात तो कोंबला गेला, आता तो परत मिळत नाही. प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर टिकल्या-टोप्या घातलेली विचित्र लॅटिन अक्षरं दिसली, तर बातमी बरी आहे: बाइट शाबूत आहेत, वाचणारा चुकीच्या चष्म्यातून वाचतोय. उपाय सगळ्या टप्प्यांवर यूटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिप्या सामावणारी पद्धत) सांगणं. टॉमकॅट ९मध्ये रिक्वेस्टचं 'सेटकॅरॅक्टरएन्कोडिंग' पहिलं 'गेटपॅरामीटर' बोलावण्याच्या आधी लिहा, नंतर लिहून उपयोग नाही. रिस्पॉन्सच्या कंटेंट-टाइपमध्ये कॅरसेट द्या. मायएसक्यूएल वापरत असाल तर टेबल यूटीएफ-८एमबी-४. विंडोजवर जुनी जावा असेल तर फाईल कंपाइल करतानाही एन्कोडिंग सांगावं लागतं. २०२२च्या जावा १८पासून यूटीएफ-८ हाच ठरलेला झाला, तेव्हा १७पेक्षा २१ टाकलेली बरी.

जाता जाता, 'ज्ञानेश्वर'ची लांबी जावाला विचारून बघा. आपल्याला चार अक्षरं दिसतात. ती म्हणते १०, कारण हलन्त, काना, मात्रा सगळं सुटं मोजते. आणि यूटीएफ-८ मध्ये त्याचे होतात ३० बाइट. परीक्षेत हे कोणी विचारणार नाही, पण पावतीवर नाव अर्धवट का छापलं जातं हे कोडं ज्यांना सुटत नाही, त्यांत मी अनेक अनुभवी लोक पाहिलेत.

जावा म्हातारी झाली का? १९९५चा जन्म, म्हणजे तुमच्यापेक्षा लहानच. सन मायक्रोसिस्टिम्सने जन्म दिला, २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली, आणि अजून दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. दीर्घकाळ सांभाळली जाणारी २५वी आवृत्ती सप्टेंबर २०२५ मध्ये आली. मित्राला सांगा, पायथन चांगलीच आहे, पण पेपर जावाचा आहे. वाद तिथे मिटतो.

क्लासचे ४५ हजार आत्ता देऊ नका. आयआयटी खरगपूरचा जावाचा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणमंचावर फुकट बघता येतो. परीक्षा द्यायची असेल तर १००० रुपये, नाही तर काही नाही. नोकरीच्या हमीबद्दल त्या क्लासला एवढंच म्हणा की हे कागदावर लिहून द्या, आणि मग त्यांचा आवाज ऐका. नोकरीबद्दल मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, असं यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय, त्यामुळे कागद म्हणून ती कुठे अडणार नाही. पण पुण्यात चौतिसाव्या वर्षी फ्रेशर म्हणून गेलात तर खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे वजा जाता आत्ताच्या पगाराइतकं हातात राहील याची खात्री नाही. तुमच्याजवळ जे आहे ते तिथल्या पोरांजवळ नाही: काटा, ऊसनोंद, तोडणीचा कार्यक्रम, पंधरवड्याचं बिल कसं निघतं हे तुम्हाला आतून माहीत आहे. पहिली चौकशी त्याच चहाच्या कपावर, ईडीपी विभागात करा. साखर कारखान्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांकडेही अर्ज टाका. त्यांना तुमच्यासारखा माणूस शिकवून तयार होत नाही.

आणि वहिनी. लॅपटॉप उघडल्यावर त्यांना काय दिसतं याचा विचार केलात? नवरा रात्रपाळी करून येतो आणि एका काळ्या खिडकीकडे बघून चिडतो. त्या बिचाऱ्या काय समजणार! तो सर्व्हरसॉकेटवाला प्रोग्राम चालला की त्यांचा मोबाईल घरच्या वाय-फायला जोडा. लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग ही आज्ञा देऊन १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता बघा आणि लोकलहोस्टच्या जागी तो त्यांच्या मोबाईलच्या ब्राउझरमध्ये टाका. विंडोजचा फायरवॉल परवानगी मागेल, द्या. पानावर त्यांचं नाव येऊ द्या, मराठीत. हे इंटरनेट नाही, घरातल्या घरातलं आहे, पण पान तुमच्या खिडकीतून गेलेलं असेल.

तेव्हा एक करा. मागणी एकदाच यायला हवी, पण तुमच्या काळ्या खिडकीत बहुतेक वेळा दोन गाड्या आलेल्या दिसतील. ॲक्सेप्ट लूपमध्ये ठेवलं असेल तरच दुसरी दिसेल, म्हणून ते लूपमध्येच लिहा. तिच्या पहिल्या ओळीत 'गेट'नंतर एका फाईलचं नाव असेल, जी तुम्ही कधी बनवलेलीच नाही. ब्राउझरला ती कशाला हवी असते, हे मी सांगत नाही. शोधा आणि कळवा, मेच्या अखेरीपर्यंत पत्राची वाट बघते.

तुमची,
ताई